मदत हवी आहे: सामाईक भिंतीजवळ पोकलेन कुठवर न्यायचा?

दुमजली जुनी इमारत पाडतोय. चुन्यातलं वीटकाम, दीड फुटी भिंती, मजल्याला लाकडी तुळया. वीज, पाणी, गॅस तोडून झालंय; पत्रे आणि दारं-खिडक्या हाताने उतरवल्या. २० टनी पोकलेनने मोकळ्या बाजूकडून, वरून खाली पाडत आलो. तिथवर काहीच त्रास झाला नाही.

अडलंय शेवटच्या भिंतीपाशी. ती शेजारच्या घराशी सामाईक आहे, त्यामुळे उभीच ठेवायची आहे, आणि आमच्या तुळयांची टोकं तिच्यात ४-५ इंच रुतलेली आहेत. काल एक तुळई बकेटने नुसती हलवली, तर पलीकडच्या गिलाव्याला केसाएवढी चीर गेली. काम तिथेच थांबवलं, चिरेवर तारीख घालून काचपट्टी चिकटवली, म्हणजे चीर वाढली तर काच तडकून कळेल. ब्रेकर (पोकलेनला बसवायचा, ठोके मारून फोडणारा हातोडा) लावणार नाही. ऑपरेटर म्हणतो, "हळूच ओढतो की." त्या 'हळूच'वर माझा विश्वास नाही.

इंजिनिअर दोन दिवसांनी बघायला येणार आहेत. तोवर अनुभवी लोकांकडून कळलं तर बरं: तुळया भिंतीपासून फूटभर सोडून करवतीने कापायच्या आणि टोकं तशीच ठेवायची, की काढून खाचा विटांनी बुजवायच्या? टेकू कापण्याआधीच लावता ना? आणि मशीन भिंतीपासून किती फुटांवर थांबवून पुढचं हाताने पाडता?