मदत हवी आहे: दोन आलिशान हॉटेलांपैकी विश्रांतीसाठी कोणते निवडावे?

मी आणि माझे पती दोन रात्रींसाठी एका मोठ्या शहरात केवळ विश्रांतीसाठी जाणार असून, दोन पंचतारांकित हॉटेलांपाशी आमचा निर्णय अडला आहे. पहिले मध्यवस्तीतील जुन्या वास्तूत आहे. संग्रहालय आणि नाट्यगृह तेथून पायी अंतरावर आहेत, परंतु बऱ्याच खोल्यांच्या खिडक्या थेट हमरस्त्यावर उघडतात. दुसरे नव्या बांधणीचे, थोडे दूर, प्रशस्त स्पा आणि तरणतलाव असलेले. मात्र त्याच इमारतीत समारंभांचे सभागृह असल्याने शनिवारी रात्री उशिरापर्यंत वर्दळ राहील अशी शंका येते.

भाडे जवळजवळ सारखेच आहे, त्यामुळे ‘स्वस्त पडेल ते घ्या’ हा सल्ला येथे उपयोगाचा नाही. दोन्हींची परीक्षणे वाचली, पण त्यांत नाश्त्याचे कौतुक उदंड आणि झोप कशी लागली याविषयी अवाक्षर नाही. फोन केला असता पहिल्या हॉटेलने आतील चौकाकडच्या खोलीची ‘विनंती नोंदवून ठेवतो’ एवढेच सांगितले. दुसऱ्याकडे तरणतलाव भाड्यात धरलेला असून मसाजचे पैसे वेगळे आहेत. दोन्हीकडे खोली दुपारी 3 वाजता मिळते आणि सकाळी 11 वाजता सोडावी लागते. आमच्याकडे गाडी नसेल, शिवाय माझ्या पतींची झोप फार सावध आहे.

अशा हॉटेलांत राहिलेल्यांनी कृपया सांगावे: शांत बाजूच्या खोलीची लेखी हमी आरक्षणापूर्वी मिळू शकते का, आणि ती न मिळाल्यास सभागृहाचा धोका पत्करून दुसरे हॉटेल घेणे शहाणपणाचे ठरेल का?