टर्नर जागेवर रंग फारसे काढायचाच नाही

फिरस्ता चित्रकार म्हणजे स्पॉटवर बसून एका बैठकीत जलरंग संपवणारा, असं बऱ्याच जणांना वाटतं, पण इंग्लंडचा निसर्गचित्रकार टर्नर बघा ना. न्हाव्याचा पोरगा, 1789 मध्ये चौदाव्या वर्षी लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकायला लागला, 1802 ला आल्प्स आणि 1819 ला इटली पालथी घातली, पण प्रवासात जास्त करून पेन्सिलच चालायची, कारण एक रंगीत काढेपर्यंत पेन्सिलची ढीगभर स्केचेस होतात हे त्याचं साधं गणित होतं. रंग मागाहून, वह्या समोर ठेवून (अशा सुमारे 300 वह्या मागे राहिल्यात!).

आणि रंगवणं म्हणजे नुसती धुमश्चक्री, आधी कागद ओलाचिंब करायचा, त्यावर रंग सोडायचे आणि मग उजेड हवा तिथे स्पंजने पुसून घ्यायचं नाहीतर चक्क नखाने कागद खरवडायचा, 1818 मध्ये यॉर्कशायरमधल्या मित्राच्या घरी त्याने एका सकाळीत अख्खी युद्धनौका अशीच उभी केली, तीही आठवणीतून. मला तर स्केचबुकपेक्षा ही स्मरणशक्तीच जास्त भारी वाटते. फोटो बघून रंगवण्यात ती कुठे लागते?