सॉनिक्सचे ४१ हंगाम थंडरच्या तक्त्यात कशाला?

सदाहरित (रेडमंड, वॉशिंग्टन):

२२ जून २०२५ ला ओक्लाहोमा सिटी थंडरने सातव्या सामन्यात इंडियाना पेसर्सला हरवून एनबीएचं (अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचं) विजेतेपद घेतलं. तेव्हापासून एक वाक्य सारखं वाचतोय, ‘फ्रँचायझीचं हे दुसरं विजेतेपद’. मग पहिलं कुठलं? १९७९ चं, सिअ‍ॅटल सुपरसॉनिक्सचं! २००८ मध्ये मालकांनी तोच संघ ओक्लाहोमा सिटीला हलवला आणि त्याचा थंडर झाला. संघाचा हंगामवार तक्ता उघडलात तर १९६७-६८ ते २००७-०८ अशा पहिल्या ४१ ओळी सिअ‍ॅटलच्या आहेत आणि त्यांना चिकटूनच खाली थंडरच्या सुरू होतात. हा तक्ता २००८ पाशी तोडावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्या ४१ ओळींत काय आहे ते आधी बघा. आवाजाहून वेगवान प्रवासी विमान बांधायचं काम बोईंगला मिळालं होतं, त्यावरून संघाचं नाव पडलं सुपरसॉनिक्स. विमानाची योजना १९७१ मध्ये गुंडाळली गेली, नाव मात्र शहराच्या तोंडी बसलं. १९७७-७८ ची ओळ वाचा: ४७ विजय, ३५ पराभव. वरवर काहीच विशेष नाही. पण त्या वर्षी पहिल्या २२ सामन्यांत विजय होते फक्त ५. प्रशिक्षक बदलून लेनी विल्किन्स आले आणि उरलेल्या ६० पैकी ४२ सामने जिंकून संघ थेट अंतिम फेरीत! तिथे सातवा सामना घरच्या मैदानावर वॉशिंग्टन बुलेट्सकडून हरला. डेनिस जॉन्सनने त्या दिवशी १४ वेळा बास्केटवर नेम धरला, एकदाही चेंडू आत गेला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा समोर तेच बुलेट्स. या वेळी ४-१ ने विजेतेपद, आणि अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू कोण, तर हाच जॉन्सन. हे सगळं एका शहराने डोळ्यांनी पाहिलंय.

नंतर गॅरी पेटन आणि शॉन केम्प या खेळाडूंची वर्षं. १९९३-९४ मध्ये ६३ सामने जिंकून अव्वल ठरलेला संघ पहिल्याच फेरीत आठव्या मानांकित डेन्व्हरकडून हरला. १९९५-९६ मध्ये ६४ विजय, पण अंतिम फेरीत गाठ पडली मायकेल जॉर्डनच्या, ७२ विजय मिळवलेल्या शिकागो बुल्सशी.

१३ एप्रिल २००८ ला मी की अरेनात, सॉनिक्सच्या घरच्या मैदानात होतो. हंगामाची माती झाली होती (शेवटी २०-६२, म्हणजे २० विजय, ६२ पराभव; संघाची सर्वांत वाईट ओळ). डॅलसविरुद्धचा तो घरचा शेवटचा सामना. सगळं अरेना ‘सेव्ह अवर सॉनिक्स’ म्हणून ओरडत होतं आणि आमचा १९ वर्षांचा खेळाडू केविन ड्युरँट दोन्ही हात वर करून लोकांना आणखी चेव आणत होता. ९९-९५ ने जिंकलो. माझ्या शेजारचे गृहस्थ साठीच्या पुढचे असतील. सामना संपला तरी ते उठेनात. सफाईवाले आमच्या रांगेपर्यंत आले तेव्हा त्यांनी पायाजवळचा पॉपकॉर्नचा रिकामा खोका उचलला, नीट घडी केली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवला.

२ जुलैला तडजोड झाली. मालकांनी शहराला ४५ दशलक्ष डॉलर देऊन अरेनाच्या भाडेकराराची उरलेली दोन वर्षं सोडवून घेतली. नाव, रंग आणि बोधचिन्ह इथेच राहिलं. इतिहास मात्र ‘सामायिक’ ठरला. माझा सगळा आक्षेप या एका शब्दाला आहे.

लालमाती (नॉर्मन, ओक्लाहोमा):

सदाहरित, तुमचं दुःख समजतं. पण तक्ता तोडायचा म्हणता, तर कात्री नेमकी कुठे लावणार?

जून २००७ मध्ये सॅम प्रेस्टी सिअ‍ॅटलचा जनरल मॅनेजर झाला. पुढच्याच महिन्यात फीनिक्सला कर्ट थॉमसचा पगार नकोसा झाला, म्हणून त्यांनी त्याच्यासोबत पहिल्या फेरीच्या दोन निवडीही (म्हणजे दरवर्षी नवे खेळाडू आळीपाळीने निवडायचा हक्क) देऊन टाकल्या. त्यातली एक २००८ मध्ये २४ व्या क्रमांकाची निघाली, तिच्यावर घेतला सर्ज इबाका. २०१६ मध्ये इबाका ओरलँडोला गेला आणि बदल्यात ओलाडिपो आणि साबोनिस आले. वर्षभराने ते दोघे देऊन पॉल जॉर्ज आला. २०१९ मध्ये जॉर्जला क्लिपर्सकडे पाठवून शे गिल्जस-अलेक्झांडर आणि सोबत निवडींचा गठ्ठाच मिळाला, आणि त्यातल्याच एकीवर २०२२ मध्ये जेलन विल्यम्स. आता २०२५ ची अंतिम फेरी कोणाच्या जिवावर जिंकली ते आठवा. अठरा वर्षांची ही साखळी आहे आणि तिची पहिली कडी सिअ‍ॅटलच्या कचेरीत घडली.

आमच्या रसेल वेस्टब्रुकचं काय करायचं? २६ जून २००८ ला तो चौथा निवडला गेला, तोही सॉनिक्सच्या नावाने. तुमची तडजोड त्यानंतर सहा दिवसांनी झाली. एकदाही सॉनिक्सचा शर्ट घालून खेळला नाही, मग तो कोणत्या तक्त्यात बसवायचा?

आपल्याकडे कोकणातून उठून इंदूरला, बडोद्याला गेलेल्या घराण्यांचे कुलवृत्तांत इंदूरपासून सुरू होतात का? मूळ गाव पहिल्या पानावर असतंच. १९७९ आम्ही जिंकलो असं आमच्यातलं कुणीही म्हणत नाही. संघ कुठून आला एवढं लिहिलेलं असावं, इतकंच.

आणि संघ ‘पळवला’ असं कुणी म्हणण्याआधी हेही लक्षात घ्या. नोव्हेंबर २००६ मध्ये सिअ‍ॅटलच्या ७४ टक्के मतदारांनी खेळांच्या संघांवर शहराचा पैसा खर्च करण्याला लगाम घातला. इथे मार्च २००८ मध्ये लोकांनी अरेनासाठी एक टक्का विक्रीकर आपणहून स्वतःवर लादून घेतला, ६२ टक्के मतांनी.

सदाहरित:

मतदानाचे आकडे बरोबर आहेत. कराचा पैसा शाळा-रस्त्यांना जावा असं लोकांना वाटलं, ही काही संघ नकोसा झाल्याची खूण नव्हे. आणि मालकांचं मन कुठे होतं? २००७ मध्ये त्यांच्यातल्याच ऑब्री मॅक्लेंडनने संघ सिअ‍ॅटलमध्ये ठेवायला घेतलाच नव्हता, असं उघड सांगून टाकलं. एनबीएने त्याला अडीच लाख डॉलर दंड केला.

कुलवृत्तांताचं उदाहरण इथे लागू पडत नाही. इंदूरला गेलेलं घर आडनाव आणि कुलदैवत सोबत घेऊन गेलं. तुमच्याकडे नाव गेलं नाही, हिरवा-पिवळा रंग गेला नाही. १९७९ चा झेंडा तर तुमच्याच क्लबने अरेनात लावलेला नाही! अरेनात नाही, मग तक्त्यात कशासाठी?

अजून एक. सॉनिक्सचा पहिला हंगाम २३-५९. थंडरचा पहिला हंगाम, २००८-०९, तोही २३-५९. दोन्हीकडे शून्यातून सुरुवात झाल्यासारखे आकडे आहेत.

आकडेमोड (पुणे):

भावनेचा भाग बाजूला ठेवून दोन दाखले देतो. लेकर्सची १७ विजेतेपदं म्हणतो त्यातली ५ मिनियापोलिसची आहेत. ‘लेकर्स’ हे नावच मिनेसोटाच्या तळ्यांचं, ते लॉस एंजेलिसने बिनदिक्कत वापरलं, आणि त्यावर कुणी वाद घालत नाही. उलट शार्लट हॉर्नेट्स २००२ मध्ये न्यू ऑर्लिन्सला गेले. पुढे शार्लटमध्ये बॉबकॅट्स हा नवा संघ आला, २०१४ मध्ये त्याने हॉर्नेट्स नाव परत घेतलं आणि १९८८ ते २००२ च्या ओळीही परत मिळवल्या. न्यू ऑर्लिन्सच्या संघाचा, म्हणजे आताच्या पेलिकन्सचा तक्ता आता २००२ पासून सुरू होतो. म्हणजे ओळी हलवता येतात, हे एनबीएनेच दाखवून दिलंय. पण घेणारा संघ हवा. आज त्या ४१ ओळी थंडरकडून काढल्या तर ठेवायच्या कुठे? त्या बंद पडलेल्या संघांच्या यादीत जातील, आणि ते मला जास्त वाईट वाटेल.

ठाणेकर:

गॅरी पेटनचा २० क्रमांक सॉनिक्सला सन्मानाने निवृत्त करता (म्हणजे त्याचा शर्ट अरेनाच्या छताला टांगून तो क्रमांक पुन्हा कुणाला न देता) आला नाही, त्याआधीच संघ गेला. तेरा हंगाम खेळलेल्या माणसाचा शर्ट वर चढवायला छप्परच उरलं नाही. एका तक्त्यात ठेवायचं तर याची जबाबदारीही थंडरने घ्यायला हवी होती ना?

लालमाती:

ठाणेकर, पेटनचा शर्ट इथे लावला असता तर तुम्ही लोक आणखी चिडला असता, आणि ते बरोबरच होतं. त्याचा शर्ट सिअ‍ॅटलमध्येच चढावा.

आकडेमोड यांचं मला पटलं. सिअ‍ॅटलला संघ मिळाला की १९६७ पासूनच्या ओळी त्यांना द्याव्यात. विल्किन्स, सिक्मा, गस विल्यम्स, पेटन, सगळे. मी फक्त एक ओळ मागतो, २००७-०८. ते २०-६२ नसतं तर चौथी निवड नसती आणि वेस्टब्रुकही नसता. सदाहरित, ती तुमची सर्वांत वाईट ओळ आहे, ती तरी आम्हाला राहू द्या.

सदाहरित:

नाही, तीही नाही. त्या २० विजयांतला एक १३ एप्रिलचा आहे.