मदत हवी आहे : लादीतला पाव आणि पावशेरातला पाव

नमस्कार मंडळी,

दादरच्या आमच्या वाचनालयात २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनासाठी भित्तिपत्रक करतोय. माझ्या वाट्याला 'पाव' शब्द आलाय आणि त्यावरून मंडळात दोन तट पडलेत.

एक काका म्हणतात, लादीचा पाव हिस्सा म्हणून पाव. एका ताईंचं म्हणणं, पूर्वी बेकरीत पीठ पायांनी तुडवायचे म्हणून पाव. दोन्ही गोष्टी मुंबईत लोक छातीठोकपणे सांगतात, पण मला दोन्ही पटत नाहीत. खायचा पाव पोर्तुगीजांचा. त्यांच्याकडे या शब्दाचा (pão) शेवटचा उच्चार नाकातून होतो. मूळ लॅटिन 'पानिस'. स्पॅनिशमध्ये 'पान', बंगालीत 'पाउरुटी'. जपानीतही 'पान'च, कारण १५४३ मध्ये पोर्तुगीज तिथे पोचले. जपान्यांना कुठला आलाय पावशेर?

मोजमापाचा पाव संस्कृत 'पाद'वरून. जनावराचे पाय चार, म्हणून पाद म्हणजे पाय आणि चौथा हिस्साही. पावशेर, चार आण्यांची पावली, सव्वा (सपाद) सगळे त्यातलेच. पाऊण तर फारच सुंदर: पाद + ऊन, म्हणजे पावाने कमी. आपला पाय आणि हिंदीतला पाँव याच घरातले. 'देवा, मला पाव' मधला पाव मात्र 'प्राप्'वरून आलेला, तिसराच.

आता अडलंय ते असं. वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांकडे होती, त्यामुळे शब्द आपल्याकडे गोव्याइतकाच वसईकडूनही आला असेल असं वाटतं. गोव्यात पाववाल्याला पोदेर म्हणतात (पोर्तुगीज 'पादेइरो') आणि पावाच्या प्रकारांना उंडो, काकण अशी नावं आहेत. वसई-वांद्र्याच्या ख्रिस्ती घरांत, विशेषतः आजी-आजोबांच्या बोलीत, असे शब्द आहेत का? वसईकडच्या सामवेदी किंवा ईस्ट इंडियन (मुंबई-वसईकडचे मूळचे ख्रिस्ती) मंडळींनी कृपया सांगावं.

दुसरं, पावाची लादी आणि फरशीची लादी हा एकच शब्द का? लादीतून पाव तोडला की जिथे चिकटलेला असतो ती बाजू पांढरी, तंतुमय निघते. फरशीसारखी सलग बसवलेली रांगच ती. बेकरीत काम केलेल्या कुणी सांगितलं तर फार बरं होईल.

आणि जुन्या मराठी कागदपत्रांत खायचा पाव कुणाला दिसलाय का? ऐकीव माहितीही चालेल, फक्त ती ऐकीव आहे असं लिहा. पुस्तकात वाचलं असेल तर नाव आणि पान क्रमांक द्या, म्हणजे दोन्ही तटांना दाखवता येईल.