माळ्यावरचे इंद्रजाल पुन्हा छापता येतील का?

छापखानेवाला, कुडाळ
मे महिन्यात कौलं परतायला घेतली तेव्हा माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली आली. आत बाबांचे इंद्रजाल कॉमिक्स, मराठीतले, सत्तेचाळीस अंक. वेताळ, मँड्रेक, थोडे बहादूर. निम्म्यांना कसर लागलीय, पान उलटलं की कोपरा हातात येतो. अजून दोन पावसाळे काही ते काढत नाहीत.

घरचाच ऑफसेट आहे. त्यातले दहा अंक निवडून दोनशे प्रती काढाव्यात, वाचनालयाच्या वर्धापनदिनाला कागदाच्या खर्चात वाटाव्यात असं मनात आहे. इंद्रजाल १९९० सालीच बंद झालं. बाबांनी एकेक अंक रोख पैसे मोजून घेतलेला. मग अडवणार कोण? इंद्रजाल काढणाऱ्या टाइम्सला एक पत्र टाकलं की झालं ना?

ट्रंकेत आणखी एक चीज आहे. १९७८ च्या एका दिवाळी अंकातली आठ पानी चित्रकथा, आमच्या शाळेच्या ड्रॉइंग मास्तरांची. खाडीतल्या मगरीची. ती तर छापायचीच. मास्तर १९८६ ला गेले, अंकही कधीच बंद पडला.

मालवणी हाड
छाप रे! वाळवेक कायदो कळना नाय.

वकीलबाई, रत्नागिरी
दादा, याचं ऐकू नका. आणि टाइम्सला पत्र टाकूनही उपयोग नाही. आपण आंब्याची बाग कराराने देतो ना, तसं आहे हे. वेताळ आणि मँड्रेक ली फॉकचे, त्यांचे हक्क अमेरिकेतल्या किंग फीचर्स सिंडिकेटकडे. टाइम्स नुसते करारदार. हंगाम संपला, करारदार गेला, आता त्याला विचारून आंबे कसे उतरवणार? बहादूर आबिद सुरतींचा, ती बागच वेगळी. शिवाय मराठी भाषांतर आणि मुखपृष्ठाचं चित्र यांचे हक्क आणखी कुणाकडे असू शकतात. जमीन एकाची, झाडं दुसऱ्याची, वाट तिसऱ्याची, हे कोकणातल्या माणसाला मी काय सांगायचं!

बाबांनी पैसे मोजले ते कागदाचे. छापणं बंद पडलं म्हणून माल बेवारस होत नाही, आणि नफा घेत नाही म्हणूनही सुटका नाही.

एक वाट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ (हापूसचं कलम नव्हे!). बिगरव्यापारी सार्वजनिक वाचनालयाकडे छापील प्रत असेल तर जतनासाठी त्याला ती स्कॅन करून ठेवता येते. म्हणून अंक आधी वाचनालयाला देणगी द्या, नोंदवहीत चढवा, मग स्कॅन करा. पुस्तक देशात विकत मिळत नसेल तर वाचनालयाच्या वापरापुरत्या तीन प्रतीही काढता येतात. तीन. दोनशे नाही.

मास्तरांचं प्रकरण मला जास्त नाजूक वाटतं. लेखक-चित्रकार गेल्यावर ६० वर्षं हक्क चालतो, म्हणजे २०४६ अखेरपर्यंत. ते नोकरीला शाळेत, अंकाला चित्रं बाहेरून दिलेली. तेव्हा हक्क लिहून दिला नसेल तर तो आता वारसांचा. लिहून दिला असेल तर कागद बघावा लागेल. 'करारात मुदत नसेल तर पाच वर्षांनी हक्क परत' असं कुणी सांगेल, पण तो नियम १९९५ च्या आधीच्या करारांना लागत नाही.

छापखानेवाला, कुडाळ
संपादकांच्या घरी जाऊन आलो. लेखी काहीच नाही. मानधनाचे पंधरा रुपये मनीऑर्डरने पाठवले होते, एवढं त्यांच्या वहीत सापडलं.

वकीलबाई, रत्नागिरी
मग सगळ्या वारसांच्या सह्या घ्या. एकाची चालणार नाही.

छापखानेवाला, कुडाळ
वेताळाच्या मालकाचा निदान ठावठिकाणा तरी आहे! इथे मास्तरांची मुलगी वसईला, ती फोनवर रडलीच. म्हणाली, "छाप रे, बाबांना बरं वाटेल." धाकटा मुलगा डोंबिवलीला. घराच्या वाटणीवरून भावाबहिणीचं सहा वर्षं बोलणं नाही. तो म्हणतो, आधी सातबाऱ्यावर माझं नाव चढू दे, मग मगरीचं बघू.