मदत हवी आहे : बग्गीचं ब्रेक पेडल पहिल्या दाबाला खोल जातंय

नमस्कार मंडळी. बाहा स्पर्धेसाठी (इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी बांधलेल्या ऑफ-रोड गाड्यांची स्पर्धा) कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये बग्गी बांधतोय. जुन्या कारचा टँडम मास्टर सिलिंडर (पेडलच्या दाबाने दोन सर्किटमध्ये ऑइल ढकलणारा), पुढे-मागे वेगळी सर्किट, चारही चाकांना बाइकचे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग), पेडल रेशो (पायाचा जोर किती पट होतो ते) 6:1, डॉट 4 ब्रेक ऑइल.

तीनदा ब्लीडिंग केलं (ऑइलमधली हवा काढली), तरी पेडल आधी खोल जातं, दोन-तीनदा पंप केल्यावरच कडक होतं. गळती कुठेच नाही. मागचे कॅलिपर जागेअभावी उलटे बसवलेत, त्यामुळे ब्लीड निपल (हवा बाहेर काढायची तोटी) खाली आलंय. हवा कॅलिपरच्या वरच्या बाजूलाच अडकत असेल ना? कॅलिपर सोडवून, निपल वर धरून, पॅडमध्ये डिस्कच्या जाडीची पट्टी ठेवून कुणी ब्लीडिंग केलंय का? की ब्रॅकेटच नव्याने वेल्ड करू?

ब्रेक टेस्टला चारही चाकं एकदम लॉक व्हावी लागतात. शिवाय गाडीत आमचाच मित्र बसणार आहे, अंदाजावर सोडायचं नाही.