तान्ह्या बाळाला घेऊन टॅक्सीनं जाताना: नागपूरकरांनो, आपापले अनुभव लिहा

गेल्या गुरुवारी माझा जीव गळ्याशी आला, म्हणून हा धागा काढतेय.

लेक अडीच महिन्यांची. दहा आठवड्यांची लस द्यायला मानेवाड्याहून धंतोलीला निघालो. नवरा बाहेरगावी, म्हणून टॅक्सी बोलावली. लेक मांडीवर, मला बेल्ट नाही. तुकडोजी पुतळ्याच्या अलीकडे एक दुचाकी उलट्या बाजूनं समोर आली आणि ड्रायव्हरनं कचकन ब्रेक मारला. माझा खांदा पुढच्या सीटवर आदळला. लेकीचं डोकं त्या सीटच्या पाठीपासून चार बोटांवर थांबलं. तिला काही लागलं नाही, ती रडलीसुद्धा नाही. मीच रडले. गाडी पंचवीस-तीसच्या वर नव्हती. ड्रायव्हरदादांनी तीनदा विचारलं, "ताई, बाळ ठीक आहे ना जी?" त्यांची काही चूक नव्हती.

आईच्या मांडीइतकी सुरक्षित जागा नाही, असं मी आजवर धरून चालले होते. आता तसं वाटत नाही. तुम्ही कसे जाता? काय जमलं, काय फसलं, अगदी बारीकसारीकही लिहा.

त्रिमूर्तीनगर, चौदा महिन्यांच्या मुलाचा बाबा

आमच्याकडे गाडी नाही, पण बाळाची कारसीट पहिल्या दिवसापासून आहे. नातेवाइकांना हे फार विचित्र वाटलं. दवाखान्यातून मुलगा घरी आला तोच तिच्यात बसून. तेरा किलोपर्यंत चालणारी, वर धरायला हँडल, बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला येईल अशी बसवायची. विकत घेताना एकच गोष्ट नीट विचारा: नुसत्या गाडीच्या बेल्टनं बांधता येते का? टॅक्सीत आयसोफिक्सचे, म्हणजे बेल्टशिवाय सीट थेट गाडीला अडकवायचे, हूक असतीलच असं नाही.

खरी अडचण बेल्टची. टॅक्सीच्या मागच्या सीटवर जाड कव्हर चढवलेलं असतं आणि ज्यात बेल्ट अडकवायचा ती खालची बक्कलं त्या कव्हराखाली गडप असतात. पहिल्या खेपेला मी भर दुपारी रस्त्यात उभा राहून सीटच्या फटीत कोपरापर्यंत हात घालून ती शोधली. हाताला लागलं ते शेंगदाण्याची टरफलं आणि एक रुपयाचं नाणं. बक्कल काही सापडेना. मुलगा बायकोच्या कडेवर, ऊन मी म्हणतंय. तेव्हापासून गाडी बुक झाली की लगेच फोन करतो: "दादा, सोबत लहान बाळ आहे, त्याची सीट बांधायची आहे. मागचे बेल्ट वर काढून ठेवाल का?" बहुतेक जण आनंदानं काढून ठेवतात. एक जण म्हणाले, मागचा बेल्ट कोण लावते? ती गाडी मी रद्द केली. पैसे कापले गेले, हरकत नाही.

बांधायची रीत सीटवर चित्रानं दिलेली असते, बेल्ट जायच्या जागा निळ्या रंगानं दाखवलेल्या असतात. कमरेचा पट्टा बाळाच्या पायांच्या बाजूनं आडवा, खांद्याचा पट्टा सीटच्या पाठीमागून. हातानं सीट खाली दाबून धरायची आणि बेल्ट ओढून घ्यायचा. मग सीट बांधली तिथेच धरून हलवून पाहायची, इंचाच्या वर सरकली तर पुन्हा पहिल्यापासून. आधी ओळखीच्या कुणाच्या गाडीत सराव करा. मला पहिल्यांदा वीस मिनिटं लागली होती, आता दोन लागतात. आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटवर कधीच नाही. समोरची एअरबॅग उघडली तर ती थेट बाळाच्या डोक्यामागच्या भागावर आदळते.

महाल, आजी

मी या सीटच्या विरोधातच होते. "एवढ्याशा जीवाला काय जखडून ठेवता?" असं मुलाला तोंडावर बोलले. आमची तिन्ही लेकरं सायकलरिक्षात मांडीवर वाढली.

मुलानं वाद घातला नाही. एका सकाळी रिकाम्या गल्लीत मला गाडीत मागे बसवलं आणि मांडीवर पाच किलो कणकेची थैली दिली. म्हणाला, "आई, हे बाळ समज. मी ब्रेक मारणार आहे, तू फक्त सोडू नकोस." मला माहीत होतं ब्रेक लागणार आहे. दोन्ही हातांनी कवटाळून बसले होते. तरी थैली हातातून निसटली, पायाशी पडली आणि एका कोपऱ्याला फाटली. काटा वीसवर होता, असं तो नंतर म्हणाला. मी ती कणीक चटईवरून गोळा करत कितीतरी वेळ तशीच बसले होते.

आता नातीला सीटमध्ये मीच बसवते. खांद्यावरचे पट्टे आवळल्यावर छातीपाशी चिमटीत पकडून पाहते. पट्ट्याची घडी चिमटीत आली तर अजून ढिला आहे. थंडीत आधी पट्टे, दुलई त्यांच्या वरून. आधी जाड स्वेटर घातला तर पट्टा आवळल्यासारखा वाटतो, पण आत पोकळच राहतो.

टॅक्सी चालवतो, सहा वर्षं झाली

बायकोनं हे वाचायला दिलं, म्हणून माझ्या बाजूनं लिहून रायलो. बाळ आहे हे आधी सांगत जा ना जी. नवतप्यात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, उन्हात उभी असलेली गाडी म्हणजे भट्टी असते, स्टिअरिंगले हात लावता येत नाही. आधी मालूम असलं तर मी पाच मिनिटं काचा खाली करून, मग एसी लावून गाडी थंड करून आणतो. आमच्या बऱ्याच गाड्यांच्या डिकीत सीएनजीची टाकी असते. बाबागाडी अन् दोन बॅगा त्यात मावत नाहीत, मग लोकं मांडीवर सामान घेतात अन् त्याच्यावर बाळ. मोठी गाडी मागवा, नाहीतर सामान कमी करा.

बाळाले डाव्या बाजूनं चढवा-उतरवा, उजवीकडून गाड्या येत असतात. अन् आईनं स्वतःचा बेल्ट लावा, पण तोच पट्टा बाळाच्या वरून घेऊ नका. मी पाहतो लोकं तसं करतात. धडक झाली तर आईचं सगळं वजन बाळावर येते.

कायद्याचं सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या लेकराले बेल्ट किंवा त्याची सीट नसली तर कलम १९४ ब खाली हजार रुपये दंड आहे, अन् तो चालवणाऱ्यावर बसू शकते. तरी लोकं मलेच म्हणतात, भाऊ, जरा लवकर घ्या. बाळ आहे तर मी चाळीसच्या वर घेत नाही, कोणी कितीही बोलो.

दिघोरी

एप्रिलची गोष्ट. कारसीट टॅक्सीत बांधून ठेवली आणि मुलीला आणायला घरात गेले. पाचच मिनिटं. परत येऊन बसवलं तर ती किंचाळली. पट्ट्याच्या बक्कलाचं लोखंड तापून लाल व्हायचं बाकी होतं. मांडीवर रुपयाएवढा चट्टा उठला, आठवडाभर होता. तेव्हापासून सीट घरातूनच पांढऱ्या पंच्यात गुंडाळून नेते आणि बक्कल आधी माझ्या मनगटाला लावून पाहते. एसीचा झोत तिच्या चेहऱ्यावर येऊ देत नाही. ऊन लागतं म्हणून सीटवर ओढणी टाकायचे, तेही सोडलं. आत वारा जात नाही आणि चेहरा दिसत नाही. काचेला जाळीचा पडदा लावते.

लोकमान्यनगर

लांबच्या टप्प्याला आम्ही मेट्रो घेतो. सीताबर्डीपर्यंत गचके नाहीत, लिफ्ट आहे. टॅक्सी फक्त शेवटच्या दीड-दोन किलोमीटरला. तेवढ्यालाही सीट सोबत असतेच.

इतवारी, वेळेआधी झालेल्या बाळाची आई

आमचा मुलगा चौतिसाव्या आठवड्यात झाला. सुट्टी मिळाली तेव्हा दोन किलोच्या आत होता. डॉक्टरांनी बजावलं होतं की एवढ्या लहान बाळाची मान सीटमध्ये पुढे झुकते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडतो. म्हणून अर्ध्या तासाच्या वर सलग बसवायचं नाही. सीट पुरेशी मागे कललेली हवी आणि शेजारी कुणीतरी डोळ्यांत तेल घालून बसलेलं हवं. मी पूर्ण रस्ताभर त्याच्या नाकपुड्यांकडे बघत होते. बाहेर कोणता चौक आला, कोणता गेला, मला आजही सांगता येणार नाही. घरी पोहोचताच त्याला सीटमधून काढून सपाट झोपवलं. झोपलंय म्हणून सीटमध्येच राहू देऊ नका, हे कळकळीनं सांगते.

सरकारी दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर घरी सोडायला १०२ नंबरची रुग्णवाहिका मोफत मिळते, हेही खूप जणींना माहीत नसतं.

मनीषनगर

विदर्भ एक्सप्रेसनं मुंबईहून एकटी आले, मुलगी पाच महिन्यांची. स्टेशनवरून टॅक्सी केली. घराशी पोहोचले तेव्हा ती गाढ झोपली होती, म्हणून आधी उतरून फाटक उघडायला गेले. चार पावलं. मागच्या गाडीनं हॉर्न दिला आणि ड्रायव्हरनं टॅक्सी जरा पुढे घेतली. हातभरच. माझं बाळ आत आणि गाडी चालतेय, एवढंच मला दिसलं. मी काचेवर दोन्ही हात आपटले. तो माणूस वाईट नव्हता, वाट देत होता. पण त्या दिवसापासून माझा क्रम ठरला: उतरताना आधी बाळ माझ्या अंगाशी, मग डिकी, पैसे सगळ्यात शेवटी. चढताना उलट, सगळं सामान आत गेल्यावर बाळ. आणि चढण्याआधी नंबरप्लेट जुळवून त्याचा फोटो घरी पाठवते.

मानेवाडा, धागा काढणारी

सगळं दोनदा वाचलं. सासूबाईंनाही वाचून दाखवलं. कणकेच्या थैलीपाशी त्या काही वेळ बोलल्याच नाहीत. नवी सीट लगेच झेपणार नाही. कुणाची वापरलेली घेतली तर चालेल का?

त्रिमूर्तीनगर

ओळखीच्या माणसाची असेल आणि ती कधी अपघातात सापडली नाही याची खात्री असेल, तरच. तळाशी प्लास्टिकवर बनवल्याची तारीख उमटवलेली असते, ती पाहा, पट्टे उसवलेले नाहीत ना ते पाहा. आमच्या मुलाचं डोकं आता सीटच्या वरच्या काठाशी आलंय, आम्ही पुढच्या मापाची आणतोय. आमची ही तुम्हाला देतो. पैसे नकोत.

मानेवाडा

चौदा आठवड्यांच्या लसीला अजून वीस दिवस आहेत. रविवारी येते. सासूबाईंना सोबत आणते, बांधायची रीत दोघींना शिकवा.